अठ्ठ्याऐंशी नंबरची उणीदुणी

आप्पांसमोर आइस हॉकीचा कोणताही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला गाडी एरिक लिंड्रॉसवर येते. मी तर कुंपणापाशी जाऊन एवढंच विचारलं होतं, की मुलाच्या हॉकीच्या नोंदणीबरोबर डोक्याच्या दुखापतीचं एक पत्रक आलंय, वाचून सही करा म्हणतात. ते सगळ्यांनाच येतं का?

"सगळ्यांना येतं," आप्पा म्हणाले. टोमॅटोच्या रोपांना लावायच्या काठ्या त्यांनी कुंपणाला टेकवून ठेवल्या, तेव्हाच मी ओळखलं की आता अर्धा तास गेला. "ओंटारिओत कायदाच आहे तसा. रोवन्स लॉ. ओटावाकडची सतरा वर्षांची मुलगी, रोवन स्ट्रिंगर, रग्बी खेळायची. २०१३ मध्ये थोड्या दिवसांच्या अंतराने डोक्याला मार बसले. आधीचा बरा व्हायच्या आत पुढचा. गेली बिचारी. २०१८ मध्ये कायदा झाला. त्याच्यासाठी सरकारने सल्लागार समिती नेमली होती, तिच्यात कोण होतं ठाऊक आहे? आमचा लिंड्रॉस!"

"आला," पायरीवर पालक निवडत बसलेल्या माई म्हणाल्या. "मला वाटलं आज जरा उशिरा येईल."

आप्पा-माई मिसिसागात आमच्या शेजारी आले ते लेकीजवळ राहायला. त्याआधी नोकरीची सगळी वर्षं चेरी हिलला काढलेली. तिथून डेलावेअर नदी ओलांडली की फिलाडेल्फिया. आप्पा पक्के फ्लायर्सवाले. टोरांटोच्या उंबऱ्यात राहून गराजमध्ये फ्लायर्सचा नारिंगी झेंडा टांगणारा दुसरा मराठी माणूस मला माहीत नाही. माईंना खेळात रस नाही, असं त्या स्वतःच सांगतात. पण त्या वर्षांत सामना आप्पा बघायचे आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर माई वाचायच्या. त्यामुळे गोल आप्पांना पाठ आणि भानगडी माईंना.

"पण तो खरंच एवढा मोठा होता का हो?" मी विचारलं. "आमच्याकडे पोराच्या तोंडी क्रॉस्बी आणि मॅकडेव्हिड. लिंड्रॉस म्हटलं की तो म्हणतो, सारखा जखमी व्हायचा तोच ना?"

आप्पांना हे लागलं. "सारखा जखमी! अगं, सहा फूट चार इंच उंची, वजन दोनशे चाळीस पौंडांच्या आसपास. आणि एवढ्या देहाचे हात इतके हलके की पक काठीला चिकटलाय असं वाटावं. तोवर कसं असायचं, संघात गोल करणारा एक आणि त्याच्या वाटेला जाणाऱ्याला आडवा करणारा दुसरा. हा दोन्ही कामं एकटा करायचा. ग्रेट्झ्कीला लोक 'द ग्रेट वन' म्हणायचे. याला मिसरूड फुटायच्या वयात 'द नेक्स्ट वन' म्हणायला लागले. १९९०-९१ मध्ये ओशावा जनरल्सकडून ५७ सामन्यांत १४९ गुण, त्यातले ७१ त्याचे स्वतःचे गोल. त्याच वर्षी कॅनडा कप. ग्रेट्झ्कीच्या संघात अठरा वर्षांचा पोरगा, एनएचएलचा एकही सामना न खेळलेला! संघात तसा तो एकटाच."

"ओशावाला पोचला कसा तेही सांगा की," माई म्हणाल्या. "गाणं सुरू केलंत तर पहिल्या कडव्यापासून म्हणा."

आप्पांनी जरा नाइलाजानेच सांगितलं. १९८९ मध्ये ओंटारिओच्या ज्युनियर लीगमधल्या निवडीत सू सेंट मरीच्या ग्रेहाउंड्सनी लिंड्रॉसला पहिल्या क्रमांकावर उचललं. सू म्हणजे टोरांटोहून गाडीने सातशे किलोमीटर. आईवडिलांनी आधीच कळवून ठेवलं होतं की मुलगा एवढ्या लांब येणार नाही. तरी त्यांनी घेतलं. मुलगा गेला नाही. मिशिगनमध्ये जाऊन दुसऱ्याच लीगमध्ये खेळत राहिला. शेवटी त्याची ओशावाशी अदलाबदल झाली. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराची अशी अदलाबदल तोवर चालत नव्हती; लीगने नियमच बदलला. ओशावाने त्याच मोसमात मेमोरियल कप जिंकला.

"मग सूची माणसं चिडली असतील," मी म्हटलं.

"चिडली! पण बदल्यात त्यांना खेळाडू मिळाले, पैसे मिळाले, आणि १९९१ च्या अंतिम फेरीत त्यांनी याच लिंड्रॉसच्या ओशावाला हरवलं. १९९३ मध्ये मेमोरियल कपसुद्धा घेतला."

"लक्षात ठेव गं," माई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "हा मुलगा नाही म्हणाला की समोरच्याचं भलं होतं. पुढे ऐक म्हणजे कळेल."

पुढचं सांगायला मात्र आप्पांचा आवाज चढला. १९९१ मध्ये एनएचएलच्या निवडीत पुन्हा पहिला क्रमांक. घेणारा संघ क्युबेक नॉर्डिक्स. सगळ्यांसमोर जर्सी पुढे केली, तर पठ्ठ्याने हातात घेतली पण अंगात घातली नाही. पुढचं वर्ष ओशावाकडून आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला, १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेऊन आला, पण नॉर्डिक्सकडे फिरकला नाही.

"क्युबेकच्या लोकांना झोंबणारच ते," आप्पा म्हणाले. "त्यांना वाटलं, हा इंग्रज पोरगा आमची भाषा नको म्हणतोय, आमचं गाव नको म्हणतोय. पुढे तो सांगत राहिला की त्याचं वाकडं होतं ते संघाच्या मालकाशी, मार्सेल ओबूशी. ऐकतो कोण? फ्लायर्सकडून तो पहिल्यांदा तिथे खेळायला गेला तेव्हा लोकांनी बर्फावर लहान बाळांच्या चोखण्या फेकल्या. काही थोराड बाप्ये तर डायपर घालून आले होते."

"आणि पुढे बायको कुठली केली?" माईंनी पालकाची जुडी खाली ठेवली. "क्युबेकचीच! म्हण आता भाषेचा राग होता."

ही बातमी मला नवी होती. माईंचा चेहरा अशा वेळी फार बघण्यासारखा असतो.

"सौदा ऐक," आप्पा म्हणाले. "१९९२ चा जून. नॉर्डिक्सनी याला एकदम दोघांना विकला! फिलाडेल्फियाला आणि न्यू यॉर्क रेंजर्सनाही. दोघंही म्हणतात आमचा. शेवटी लवाद नेमला, लॅरी बर्टुझी म्हणून टोरांटोचे वकील. त्यांनी ३० जूनला निकाल दिला, फ्लायर्सचा शब्द आधी पक्का झाला होता. मी ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. मग दिलं काय काय ते कळलं. पीटर फोर्सबर्ग. गोली रॉन हेक्स्टॉल. माइक रिची, स्टीव्ह ड्युशेन, केरी हफमन, ख्रिस सायमन. पहिल्या फेरीच्या दोन निवडी. आणि वर दीड कोटी डॉलर."

"एका बैलासाठी अख्खा गोठा," माई म्हणाल्या.

"बैल तसाच होता!"

"होता ना. पण गोठ्यातून फोर्सबर्ग गेला, त्याचं काय?"

यावर आप्पांकडे उत्तर नव्हतं; ते गेल्या तीस वर्षांत कुणाकडेच नाही. नॉर्डिक्सचा संघ १९९५ मध्ये उचलून डेन्व्हरला नेला गेला, त्याचं नाव कोलोरॅडो अॅव्हलांश झालं आणि पहिल्याच मोसमात, १९९६ ला, त्यांनी स्टॅन्ली कप जिंकला. फोर्सबर्ग त्यांचाच. गोली पॅट्रिक रॉय त्यांना माँट्रियलकडून मिळाला, त्या देवघेवीत गेलेल्यांपैकी एक होता जोसेलिन तिबो, म्हणजे फ्लायर्सनी दिलेल्या निवडीवर घेतलेला गोली. २००१ ला पुन्हा कप.

"क्युबेकचा संघ याच्यामुळे गेला म्हणायचं का मग?" मी विचारलं.

"छे, ते पाप त्याच्या माथी नको. कॅनेडियन डॉलर पडलेला, गाव लहान, नव्या स्टेडियमला सरकारी पैसा मिळाला नाही, म्हणून संघ गेला. पण कोलोरॅडोचे कप मात्र याच्या नकारावर उभे आहेत, हे मला कबूल करावंच लागतं." आप्पा थांबले. "आता आम्हाला काय मिळालं तेही सांगू दे. नाहीतर ही बाई तुला फक्त भानगडी सांगेल."

आप्पांचं हे सांगणं मात्र कुणीही ऐकावं असं असतं. फ्लायर्स सलग पाच मोसम प्लेऑफच्या बाहेर होते, त्यात लिंड्रॉसचे पहिले दोनही आले. १९९५ पासून मात्र तो असेपर्यंत दरवर्षी आत. त्या वर्षी मोसम कामबंदीमुळे ४८ सामन्यांचाच झाला. त्यात लिंड्रॉसचे ४६ सामन्यांत ७० गुण, जारोमीर यागरच्या बरोबरीने. गोल यागरचे तीन जास्त, म्हणून गुणांची ट्रॉफी त्याला. पण सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी लिंड्रॉसला, वय बावीस. पुढच्या वर्षी ७३ सामन्यांत ११५ गुण.

"पण गुण मोजू नकोस, शेजारी बघ," आप्पा म्हणाले. "जॉन लेक्लेअर माँट्रियलमध्ये होता तेव्हा त्याचा एका मोसमातला सर्वांत मोठा आकडा १९ गोल. १९९५ च्या फेब्रुवारीत आमच्याकडे आला, लिंड्रॉसच्या डाव्या हाताला उभा राहिला आणि पुढचे तीन पूर्ण मोसम ५१, ५०, ५१. उजवीकडे स्वीडनचा मिकाएल रेनबर्ग. तिघंही आडदांड. 'लीजन ऑफ डूम' म्हणायचे. कोपऱ्यात पक गेला की समोरचा डिफेन्समन आधी मागे वळून बघायचा, कोण येतंय ते. तेवढ्या अर्ध्या सेकंदात पक यांच्याकडे. सेंटर चांगला असला की बाजूचे दोघे मोठे होतात. संघावरचा परिणाम म्हणजे दुसरं काय?"

"आणि १९९७?" माईंनी हळूच विचारलं.

आप्पांनी एक काठी उचलली आणि परत ठेवली. १९९७ ला फ्लायर्स अंतिम फेरीत पोचले होते. प्लेऑफच्या १९ सामन्यांत लिंड्रॉसचे २६ गुण, सगळ्यांत जास्त. समोर डेट्रॉइट. सगळ्यांना वाटलं, त्यांचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन लिंड्रॉससमोर कुणीतरी राक्षस उभा करतील. बोमननी उलटंच केलं. निक्लास लिड्स्ट्रॉम आणि लॅरी मर्फी, धक्काबुक्की न करणारी, डोक्याने खेळणारी जोडी. धडक द्यायला समोर कुणी थांबतच नव्हतं. पक मात्र यांच्याकडून काढून घेतला जायचा. चार सामने, चारही हार. लिंड्रॉसचा एकमेव गोल आला तो चौथ्या सामन्याच्या अगदी शेवटच्या सेकंदांत. मध्येच फ्लायर्सचे प्रशिक्षक टेरी मरे यांनी आपल्याच संघाचं अवसान गळालंय असं पत्रकारांना सांगून टाकलं, आणि मोसम संपल्यावर त्यांची नोकरी गेली.

"तिथे तो कमी पडला," आप्पा म्हणाले. "मी काही आंधळा भक्त नाही."

"आणि गोली? डेट्रॉइटकडे माइक व्हर्नन. तुमच्याकडे कधी हेक्स्टॉल, कधी गार्थ स्नो, रोज नवा. अहो, गोलात चेंडू जातो तेव्हा—"

"पक."

"—पक जातो तेव्हा सेंटरला काय विचारायचं?"

मुद्दा बरोबर होता. हेक्स्टॉलही एकदा क्युबेकला देऊन नंतर परत आणलेला, वय वाढलेला. लिंड्रॉसला आणायला जे दिलं, त्याची भोकं लिंड्रॉसच्या सगळ्या वर्षांत बुजली नाहीत, आणि त्या भोकांचं बिल पुन्हा लिंड्रॉसच्याच नावावर फाटलं.

"आता दुखापतींचं मी सांगते," माई म्हणाल्या. परात बाजूला ठेवून त्या कुंपणापाशी आल्या. आप्पा एक पाऊल मागे सरले. "तो खाली मान घालून खेळायचा म्हणे. त्याचीच चूक म्हणे."

"ते खोटं नाही," आप्पा म्हणाले. "लहानपणापासून सगळ्यांपेक्षा एवढा मोठा, की कुणाची धडक बसली तर पडायचा तो धडक देणारा. मान वर ठेवून पक न्यायची सवयच लागली नाही. बारक्या पोरांना ती पहिल्या वर्षी लागते, नाहीतर ती टिकत नाहीत. १९९८ च्या मार्चच्या सातव्या तारखेला पिट्सबर्गचा कास्पारायटिस तसाच आला आणि याला पहिलं मोठं कन्कशन झालं. १८ सामने गेले."

"आणि हेही सांगा, की यानेही कमी जणांना झोपवलं नाही," माई म्हणाल्या. आपल्या माणसाची बाजू घेतानाही त्या हिशेब चोख ठेवतात. "कॅनडा कपात उल्फ सॅम्युएल्सनला पाडलं तेव्हा लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. शिक्षेची मिनिटं किती?"

"एनएचएलमध्ये १३९८."

"म्हणजे साधूसंत नव्हता. पण मला राग कशाचा येतो सांगू? त्याच्या आईला जे बोलले त्याचा. बॉनी. ही आई फार नाक खुपसते, मुलगा आईच्या पदराआड. बाप कार्ल त्याचा एजंट, तर तोही वाईट. रेडिओवर दिवसभर हेच. अगं, ती बाई नर्स! आणि धाकटा मुलगा ब्रेट, तोही हॉकीपटूच. न्यू यॉर्क आयलंडर्सकडून जेमतेम ५१ सामने खेळला आणि १९९६ ला विसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, बस, आता डोक्याला एकही मार चालणार नाही. एक पोरगा असा घरी बसलेला, दुसऱ्याला तेच व्हायला लागलंय. तिने काय पोळ्या लाटत बसायचं होतं?"

आप्पा काही बोलले नाहीत. मीही नाही.

"नॅशव्हिल सांगते. १९९९ चा एप्रिल. सामना झाला, रात्री याला त्रास. खोलीतल्या कीथ जोन्सने बघितलं तर हा टबमध्ये, पांढराफटक. आधी विमानात घालून फिलाडेल्फियाला न्यायचं चाललं होतं. शेवटी तिथल्याच इस्पितळात नेलं. फुप्फुस मिटलेलं, छातीत रक्त साठलेलं. विमानात बसवला असता तर जिवावर बेतलं असतं. बापाने संघाला कडक पत्र लिहिलं. संघाचं म्हणणं, आम्ही काही चुकलो नाही. आणि बोभाटा कशाचा? तर बापाने पत्र लिहिलं याचा!"

"क्लार्कची बाजूही असेल की," आप्पा म्हणाले. बॉबी क्लार्क म्हणजे फ्लायर्सचा जुना कप्तान, १९७४ आणि १९७५ चे कप आणणारा, तेव्हाचा जनरल मॅनेजर. आप्पांच्या पिढीला त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही. "तो वेगळ्या काळचा. मधुमेह असताना आयुष्यभर खेळला. दुखतंय म्हणायचं नाही, हे त्याच्या रक्तात."

"म्हणून दुसऱ्यानेही म्हणायचं नाही? २००० चा मार्च आठवतोय ना? बॉस्टनविरुद्ध डोक्याला लागलं. तरी पुढचे सामने खेळला, डोकं ठणकत असताना. मग बाहेरच्या मेंदूतज्ज्ञाने सांगितलं, हे कन्कशन आहे. हा पेपरवाल्यांना म्हणाला, संघाच्या लोकांना ते कळायला हवं होतं. तर क्लार्कने कप्तानपद काढून एरिक देजार्दांला दिलं. आजाऱ्याने निदान चुकलं म्हटलं, तर आजाऱ्याची पदावनती!"

त्यानंतरचं आप्पांनीच सांगितलं. मे महिन्यात सराव करताना पुन्हा डोक्याला मार. आणि तरीही न्यू जर्सीविरुद्धच्या उपांत्य मालिकेत सहाव्या सामन्याला लिंड्रॉस परतला. एवढ्या आठवड्यांनी आला आणि गोलही केला. मालिकेत फ्लायर्स आधी ३-१ असे पुढे होते, आता ३-३. २६ मे, सातवा सामना, फिलाडेल्फियातच. पहिल्याच भागात लिंड्रॉस पक घेऊन मधल्या रेषेकडून आत वळला, मान खाली. स्कॉट स्टीव्हन्स वाटच बघत होता. खांदा सरळ जबड्यावर. लिंड्रॉस पडला तेव्हा डोकं बर्फावर आपटलं.

"शिट्टीसुद्धा वाजली नाही," आप्पा म्हणाले. "तेव्हाच्या नियमाने ती धडक स्वच्छ होती. मी टीव्हीसमोर उभा होतो. ही आतून आली आणि म्हणाली, बंद करा ते. सामना २-१ ने गेला, कप न्यू जर्सीने नेला. पाच महिन्यांतलं ते त्याचं चौथं कन्कशन, सव्वादोन वर्षांतलं सहावं."

"आणि तरी लोक म्हणणार, नाजूक," माई म्हणाल्या. "दात पडला, टाके घातले, गुडघा आवळून खेळला की शूर. डोकं गरगरतंय म्हणाला की नाटकं."

"आपल्याकडे नरी कॉन्ट्रॅक्टरला नाही म्हणालं कुणी तसं," आप्पा म्हणाले. "१९६२, बार्बाडोस. ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला. पुन्हा कसोटी खेळला नाही. पण भित्रा म्हणून कुणी नाव ठेवलं नाही."

"कवटी फुटली होती त्याची, शस्त्रक्रिया झाली. सगळ्यांना दिसलं. याचं कुणाला दिसलं नाही, एवढाच फरक."

पुढचं दोघांनी भराभर उरकलं, कारण तिथे भांडायला फारसं काही नाही. २०००-०१ चा अख्खा मोसम लिंड्रॉस बाहेर बसला. त्याला आमच्या टोरांटोला यायचं होतं. क्लार्कशी बोलणी फिसकटत राहिली. २००१ च्या ऑगस्टमध्ये अखेर रेंजर्सकडे गेला. पहिल्या वर्षी ७२ सामन्यांत ३७ गोल, ७३ गुण; त्याच हिवाळ्यात सॉल्ट लेक सिटीला ऑलिंपिक सुवर्णपदक. मग पुन्हा कन्कशन. २००५-०६ मध्ये टोरांटोच्या लीफ्सकडे आला खरा, पण मनगट गेलं आणि ३३ च सामने झाले. शेवटचा मोसम डॅलसला. ८ नोव्हेंबर २००७ रोजी चौतिसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली, जन्मगावी, ओंटारिओतल्या लंडनमध्ये, आणि तिथल्या इस्पितळाला ५० लाख डॉलर दिले. एकूण ७६० सामने, ३७२ गोल, ८६५ गुण.

"सामने कमी पडले," आप्पा म्हणाले. "हॉल ऑफ फेमवाल्यांनी म्हणूनच ताटकळत ठेवला."

"सामने कमी?" माई जणू याचीच वाट बघत होत्या. "कॅम नीलीचे किती?"

"७२६."

"घेतला कधी?"

"२००५."

"पावेल बुरे?"

"७०२. २०१२ ला घेतला." आप्पा शाळकरी मुलासारखे उत्तरं देत होते. "फोर्सबर्गचे ७०८. त्याला २०१४ ला."

"आणि हा?"

"२०१६."

"मग सामन्यांचं कारण सांगू नका. आणि ज्याने आडवा केला तो स्टीव्हन्स?"

"२००७. पहिल्याच वर्षी. पण तो होताच तेवढा मोठा. आणि त्याचंही खेळणं कन्कशननेच संपलं हो, २००४ ला. देवाच्या दारी हिशेब असतो."

"देवाचं राहू दे. माणसांनी काय केलं ते बोला."

इथे मला बोलल्याशिवाय राहवेना. मी म्हटलं, "म्हणजे या माणसाविरुद्ध जेवढ्या तक्रारी आहेत, त्या सगळ्या 'नाही' म्हटल्याच्याच आहेत. सूला जाणार नाही. क्युबेकला जाणार नाही. संघाच्या डॉक्टरावर विसंबणार नाही. बरं वाटेपर्यंत खेळणार नाही."

"आणि यातलं कोणतं आज चूक वाटतं?" माई म्हणाल्या. "मुलाने कुठे राहायचं, कुठे शिकायचं ते घरच्यांनी ठरवायचं, यावर आज कुणी चोखण्या फेकेल? दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं नाही, असं आज कुठला संघ म्हणेल?"

"नियम बदलले ते काही लिंड्रॉसने बदलले नाहीत," आप्पा म्हणाले. ते बरोबरच आहे. डोक्यावर बाजूने येणाऱ्या धडकेला एनएचएलने बंदी घातली ती २०१० मध्ये, बॉस्टनच्या मार्क सॅव्हार्डला मॅट कूकने जायबंदी केल्यावर. पुढच्या वर्षी सिडनी क्रॉस्बीला कन्कशन झालं, तो दहाएक महिने बाहेर राहिला. आता तर लांब बसून पडद्यावर सामना बघणारी माणसं नेमलेली असतात. डोक्याला लागल्याची शंका आली की ती खेळाडूला बाहेर काढू शकतात, कप्तानाची इच्छा असो वा नसो.

"नसतील बदलले," माई म्हणाल्या. "पण क्रॉस्बी दहा महिने घरी बसला तेव्हा त्याच्या आईचं नाव तुम्हाला ऐकू आलं का? मला नाही आलं. या आधीच्याने सगळ्या शिव्या खाऊन ठेवल्या होत्या ना."

आप्पांनी थोडा विचार केला. मग त्यांनी २०११ च्या ३१ डिसेंबरची गोष्ट सांगितली. फिलाडेल्फियाच्या बेसबॉल स्टेडियमवर निवृत्त खेळाडूंचा सामना होता. लिंड्रॉस, लेक्लेअर, रेनबर्ग पुन्हा एका ओळीत. क्लार्कसुद्धा त्याच संघात. लिंड्रॉसचं नाव पुकारल्यावर जो आवाज उठला, तो फिलाडेल्फियाने उशिरा दिलेला निकालच होता. २०१८ च्या जानेवारीत त्याचा ८८ नंबर छताला टांगला. फ्लायर्समध्ये आता तो कुणाला मिळत नाही. तोवर त्याच्याविरुद्ध तावातावाने बोलणारे बरेचसे लोक 'आमचा लिंड्रॉस' म्हणायला लागले होते.

"तुम्ही धरून," माई म्हणाल्या.

"मी कधीच विरुद्ध नव्हतो!" आप्पा म्हणाले. "मी एवढंच म्हणतो, की पाच वर्षं त्याच्यासारखा फॉरवर्ड जगात नव्हता. दुखापती खऱ्या होत्या, हेही मान्य. आईबापाचं चुकलं नाही, हेही आज मान्य. पण एवढं सगळं देऊन आणला, आणि कप नाही आला. हे तरी त्याच्या खात्यावर लावशील की नाही?"

माईंनी परात उचलली.

"अहो, तुमच्या फ्लायर्सनी शेवटचा कप जिंकला १९७५ ला. तेव्हा हा दोन वर्षांचा होता. आणि त्याला घालवून तुम्हाला पाव शतक झालं. मग तेव्हापासूनचे कप कुणाच्या आईमुळे गेले?"